स्वभाव, गुणपत्रिका आणि विद्यार्थ्याची आत्मप्रतिमा

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, कोनप्पन अग्रहार आणि दोड्ड तोगूर अशी दोन खेडी होती. १९७८ साली कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने या खेड्यांच्या सुमारे ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांसाठी एक वसाहत आखली. महामंडळाचे प्रमुख आर. के. बाळिगा यांचा त्यामागे ध्यास होता. हीच पुढे इलेक्ट्रॉनिक सिटी झाली. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेली इन्फोसिस ही संस्था १९८३ मध्ये बंगळुरास आली आणि १९९४ मध्ये या वसाहतीत स्थिरावली. कारखान्यांच्या मागोमाग विद्यालये आली. १९९९ साली स्थापन झालेली बंगळूरची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था आज येथेच आहे, पी.ई.एस. विद्यापीठाचे एक आवार येथे आहे. जीवमाहितीशास्त्राची एक संस्थाही येथे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, तेव्हा तिच्या एका स्थानकाच्या नावात कोनप्पन अग्रहार हे जुने नाव टिकून राहिले.

‘अग्रहार’ हा शब्द येथे क्षणभर थांबून पाहण्याजोगा आहे. विद्याव्यासंगी ब्राह्मणांना राजाने इनाम दिलेले गाव म्हणजे अग्रहार. जुन्या परंपरेत विद्यार्थी गुरूला अभिवादन करताना आपले गोत्र, प्रवर, सूत्र आणि वेदशाखा उच्चारून मगच आपले नाव सांगत असे. ‘तू कोण?’ या प्रश्नाचे ते त्याचे तयार उत्तर होते, आणि ज्याला ते उत्तर देता येत नव्हते त्याला पाठशाळेचे दारच बंद होते. आज त्याच भूमीवर वावरणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी विचारले, तर तो प्रवेशपरीक्षेतील आपला क्रमांक सांगतो, शाखा सांगतो आणि शेवटच्या वर्षात असल्यास मिळालेल्या नोकरीचे वार्षिक वेतन सांगतो. उत्तर बदलले, परंतु दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखीच राहिली. हा तरुण अबोल आहे की बोलका, चिकाटीचा आहे की चंचल, धीराचा आहे की लहानसहान गोष्टींनी कासावीस होणारा, यांपैकी काहीच त्यांतून कळत नाही. स्वभाव एका बाजूला राहतो आणि स्वतःविषयीची कल्पना दुसरीकडेच, बाहेरून मिळालेल्या मापांनी, घडत जाते. या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न मानसशास्त्राने गेली शंभराहून अधिक वर्षे हाताळला आहे, आणि त्याच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग म्हैसूर, धारवाड व पुणे या आपल्या परिचयाच्या गावांतून गेलेला आहे.

प्रथम हे दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. स्वभावगुण म्हणजे माणसाच्या वागण्यातील बऱ्यापैकी टिकाऊ असा कल. आत्मप्रतिमा म्हणजे त्या माणसाने स्वतःविषयी मनात बाळगलेले चित्र आणि त्या चित्राला त्याने लावलेली किंमत. दोन विद्यार्थी सारखेच अबोल असू शकतात. त्यांतील एक स्वतःला विचारी समजतो, दुसरा स्वतःला बावळट समजतो. मौन तेच, त्याचा अर्थ मात्र निराळा. हा अर्थ कोठून येतो, हीच खरी पृच्छा होय.

माणसांच्या लक्षणांच्या याद्या करण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे व उत्तमलक्षणे सांगितली, आणि पढतमूर्खासाठी स्वतंत्र समास लिहिला. विद्यापीठांच्या आवारात त्याचे वाचन अजूनही उपयोगी पडेल. पाश्चात्त्य विद्वानांनी हेच काम शब्दकोश हाती घेऊन केले. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट व त्यांचे सहकारी ओडबर्ट यांनी वेब्स्टरच्या बृहत्कोशातून माणसाचे वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचून काढले. पुढे रेमंड कॅटेलने ही गर्दी सोळा घटकांपर्यंत खाली आणली, आणि १९६१ मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी संशोधन करणाऱ्या ट्युप्स व क्रिस्टल यांना पुनःपुन्हा पाचच घटक हाती लागले. बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य किंवा त्याचा अभाव, आणि नव्या अनुभवांविषयी मनाचा खुलेपणा, हे ते पाच होत. समर्थांची यादी माणसाला सुधारण्यासाठी होती. ही यादी त्याला मोजण्यासाठी होती. हा फरक लहान नव्हे.

मोजण्याची ही विद्या हिंदुस्थानात आली तीही विद्यापीठांच्या द्वारे. १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, १९२४ मध्ये, म्हैसूर विद्यापीठाने आपला विभाग काढला व तो एम. व्ही. गोपालस्वामी यांच्या हाती दिला. गोपालस्वामींचे शिक्षण लंडनमध्ये, बुद्धिमापनाचे आद्य संशोधक चार्ल्स स्पिअरमन यांच्या परंपरेत झालेले होते. नभोवाणीच्या श्रोत्यांनी तर हे नाव विसरताच कामा नये. कारण याच प्राध्यापकांनी १९३५ मध्ये म्हैसुरात आपल्या राहत्या घरी एक लहानसा प्रक्षेपक बसवून खाजगी नभोवाणी केंद्र चालू केले, आणि ‘आकाशवाणी’ या नावाने ओळखले गेलेले ते केंद्र. मनाची मोजदाद करणारा माणूस मनाशी दुरून बोलण्याचे साधनही उभारतो, यात काही संगती असावी.

परंतु मराठी वाचकाला अधिक जवळची अशी हकीकत धारवाडची आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये तयार केलेली बुद्धिमापनाची चाचणी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुधारण्यात आली होती. ती जशीच्या तशी उचलून कर्नाटकातील वा महाराष्ट्रातील मुलांपुढे ठेवणे निरर्थक होते. त्या चाचणीतील चित्रे, नाणी, खेळ, म्हणी सारेच परके. धारवाडचे शिक्षणशास्त्रज्ञ व्ही. व्ही. कामत यांनी कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिची नवी मांडणी केली. १९३४ मध्ये त्यांचा निबंध विलायतेतील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि १९४० मध्ये हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ निघाला. ‘बिने-कामत’ या जोडनावाने ती चाचणी देशातील चिकित्सालयांत दीर्घकाळ वापरली गेली. एकाच माणसाने दोन भाषांच्या मुलांसाठी एकच मोजपट्टी तयार करावी, हे त्या काळच्या मुंबई इलाख्यातील धारवाडातच शक्य होते.

कामतांचे काम मोलाचे होते याविषयी दुमत नाही. तथापि त्याबरोबर एक नवी वस्तू आपल्या घरांत शिरली आणि ती म्हणजे बुद्ध्यंक. बिने यांचा मूळ हेतू वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना हुडकून त्यांना साहाय्य देणे हा होता. मुलाच्या कपाळावर कायमचा आकडा गोंदणे त्यांना मान्य नव्हते. आकड्याचा स्वभाव मात्र असा की, तो कागदावरून मनात उतरतो. मुलगा आळशी आहे की मेहनती, हे आई रोज डोळ्यांनी पाहत असते आणि त्यावर तिचे मत महिन्यागणिक बदलूही शकते. आकड्याशी वाद घालण्याचे धैर्य फारसे कोणात नसते. आपल्या शिक्षणपद्धतीत बुद्ध्यंकाचे प्रस्थ तितके माजले नाही खरे. पण त्याची जागा परीक्षेतील गुणांनी, आणि पुढे गुणानुक्रमाने, त्याहून अधिक जोमाने घेतली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८६२ पासून त्याचे पदवीधर बाहेर पडू लागले, त्यानंतर थोड्याच वर्षांत माणसाच्या नावापुढे बी.ए. ही अक्षरे लिहिण्याची प्रथा रूढ झाली. गोत्राचे काम पदवी करू लागली.

आत्मप्रतिमेचा शास्त्रशुद्ध विचार प्रथम मांडला तो हार्वर्डच्या विल्यम जेम्स यांनी, १८९० मध्ये. त्यांनी ती एका अपूर्णांकाच्या रूपात दाखविली. माणसाला मिळालेले यश अंशस्थानी आणि त्याने मनाशी बाळगलेल्या अपेक्षा छेदस्थानी. भागाकार येईल तो आत्मसन्मान. यश वाढले तर तो वाढतो; परंतु अपेक्षा कमी केल्या तरीही तो वाढतोच, ही त्यातील मार्मिक बाजू. शिवाय ज्या क्षेत्रात आपण काही अपेक्षाच केली नाही, तेथील अपयश मनाला लागत नाही.

हा अपूर्णांक जेम्स यांनी लिहिण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एका विद्यार्थ्याने तो प्रत्यक्ष सोडवून दाखविला होता. गोपाळ गणेश आगरकर एम.ए.च्या परीक्षेच्या सुमारास होते. घरची परिस्थिती इतकी हलाखीची की, एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी अंगात घालण्याचे दिवस त्यांनी काढले होते. अशा मुलाच्या पदवीवर घरच्या माणसांनी केवढी आशा बांधली असेल! आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले की, मोठ्या पगाराच्या नोकरीची स्वप्ने तिने पाहू नयेत. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ आपण परहितासाठी देणार आहोत. त्यांनी छेदस्थानचा आकडाच बदलला. पगार हे ज्या मोजपट्टीचे एकक आहे, ती पट्टी त्यांनी खाली ठेवली. त्यांचे सहाध्यायी बाळ गंगाधर टिळक यांनीही तेच केले, आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. या दोघांचे स्वभाव किती भिन्न होते हे पुढच्या त्यांच्या दुराव्याने महाराष्ट्राला चांगलेच दाखवून दिले; परंतु विद्यार्थिदशेतील त्यांचा स्वतःविषयीचा निश्चय मात्र एकच होता. स्वभाव वेगळे असताना आत्मप्रतिमा जुळू शकते, याचे याहून ठळक उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

आगरकरांना मोजपट्टी खाली ठेवता आली, कारण ती निदान त्यांच्या हाती होती. ज्यांच्या हाती ती नव्हतीच, त्यांचे काय? १९०२ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी असे प्रतिपादिले की, माणूस स्वतःला इतरांच्या नजरेच्या आरशात पाहतो. इतर आपल्याला कसे पाहतात याविषयीच्या आपल्या कल्पनेतूनच आपली प्रतिमा बनते. हे म्हणणे खरे मानले, तर ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसविले जात होते, त्याच्या मनात कोणती प्रतिमा तयार व्हावयास हवी होती? भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन ड्युई यांच्यासारखे तत्त्वज्ञ त्यांना गुरू लाभले. परदेशातील त्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पार पुसून टाकली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद करून ठेवले आहे. १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, आणि राहण्यास जागा मिळेना म्हणून त्यांना ते शहर सोडावे लागले.

या हकीकतीत मानसशास्त्राचा एक मोठा धडा आहे. सातारा, न्यूयॉर्क आणि बडोदे या तीन ठिकाणी माणूस एकच होता; त्याची अभ्यासाची प्रचंड चिकाटी, त्याचा करारीपणा, त्याचे वाचनाचे वेड एकच होते. आरसे तीन होते. आणि तिसऱ्या आरशाने दाखविलेले चित्र त्या माणसाने नाकारले, कारण दुसरा आरसा त्याने पाहिला होता. कूलींचे तत्त्व अपुरे पडते ते येथे. सगळेच आरसे मनुष्य सारख्या विश्वासाने पाहत नाही. कोणत्या आरशावर विश्वास ठेवावयाचा हे ठरविण्यात त्याच्या स्वभावाचा वाटा असतो, आणि दुसरा आरसा कधी पाहावयास मिळाला की नाही, यावर तर पुष्कळच अवलंबून असते.

अलीकडच्या संशोधनाने या संबंधाला आकडे दिले आहेत. २००१ साली रिचर्ड रॉबिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३,२६,६४१ व्यक्तींच्या उत्तरांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. माणसामाणसांतील आत्मसन्मानाच्या फरकापैकी सुमारे ३४ टक्के फरकाची उकल वर सांगितलेल्या पाच स्वभावगुणांनी होते, असे त्यांना आढळले. ज्यांचे मन भावनिक दृष्ट्या स्थिर, जे बहिर्मुख आणि जे कर्तव्यदक्ष, त्यांचा आत्मसन्मान सामान्यतः अधिक. ३४ टक्के हा वाटा मोठा आहे. उरलेला त्याहूनही मोठा आहे, हे सांगणारे मात्र थोडे. शिवाय अशा अभ्यासांत स्वभावाची प्रश्नावली आणि आत्मसन्मानाची प्रश्नावली एकच माणूस भरतो. ज्याचे मन मुळातच चिंतातुर, तो दोन्ही कागद एकाच काजळी लागलेल्या लेखणीने भरणार. तेव्हा स्वभावामुळे आत्मप्रतिमा खालावली की खालावलेल्या आत्मप्रतिमेमुळे माणूस स्वतःचा स्वभावच वाईट समजू लागला, हे एका वेळच्या उत्तरांवरून सांगता येत नाही.

उरलेल्या मोठ्या भागाचा पुष्कळसा उलगडा ऑस्ट्रेलियातील संशोधक हर्बर्ट मार्श यांच्या कामाने होतो. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी असे दाखविले की, सारख्याच कुवतीचे दोन विद्यार्थी घेतले, आणि त्यांतील एकाला साधारण शाळेत व दुसऱ्याला निवडक हुशार मुलांच्या शाळेत घातले, तर दुसऱ्याची अभ्यासातील आत्मप्रतिमा पहिल्यापेक्षा खाली जाते. या प्रकाराला त्यांनी लहान तळ्यातील मोठ्या माशाची उपमा दिली. २००३ मध्ये मार्श व हाऊ यांनी २६ देशांतील १,०३,५५८ विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हाही हेच दृष्टीस पडले. नामांकित संस्थेत असल्याचा अभिमान वाटतो हे खरे. पण शेजारच्या बाकावरील मुलाशी रोज होणाऱ्या तुलनेपुढे तो अभिमान दुबळा ठरतो. मराठी माणसाला यातील अर्धे सत्य पूर्वीपासून ठाऊक आहे. वासरांत लंगडी गाय शहाणी, ही आपली म्हण लंगड्या गाईला हसते आणि थांबते. तीच गाय उद्या धडधाकट गाईंच्या कळपात गेली, तर ती स्वतःला काय समजेल, हा प्रश्न म्हणीने विचारलेला नाही. आणि येथे तर गाय लंगडीही नसते.

इलेक्ट्रॉनिक सिटीतील विद्यार्थ्याची अडचण नेमकी हीच आहे. त्याला येथवर आणणारी चाळणीच अशी की, तिच्यातून खाली राहिलेला प्रत्येक मुलगा आपल्या गावचा पहिला असतो. महाराष्ट्रातून येणाऱ्यांचे उदाहरण घ्यावे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा दिली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत अभियंता होण्याची आकांक्षा पोहोचली. त्यापाठोपाठ ‘लातूर पॅटर्न’ प्रसिद्धीस आला. पहाटेपासून रात्रीपर्यंत बांधलेला दिनक्रम, सराव परीक्षांमागून सराव परीक्षा, आणि निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांतून छायाचित्रे. अशा वातावरणात वाढलेला मुलगा लातूर, सांगली वा बेळगाव सोडून होसूर रस्त्यावर उतरतो, तेव्हा त्याच्या आत्मप्रतिमेला एकच खांब असतो, आणि तो म्हणजे ‘मी पहिला’. पहिल्या सत्राच्या निकालात साठजणांच्या वर्गात एकच पहिला असतो. उरलेल्या एकोणसाठ जणांचे, बुद्धीत तिळमात्र उणे न होता, वतन गेलेले असते.

येथून पुढे स्वभाव आपले काम सुरू करतो. मूळचा स्थिर मनाचा विद्यार्थी या घसरणीला परिस्थितीचा भाग समजतो. वर्ग कठीण आहे, इतकेच तो म्हणतो. चिंतातुर मनाचा विद्यार्थी त्याच निकालातून आपल्याविषयीचा निवाडा वाचतो. कर्तव्यदक्ष विद्यार्थ्याची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. हा गुण सर्वांत शिष्टसंमत. तथापि ज्याने आपले सारे श्रम अभ्यासात ओतले, त्याला अपयश आल्यावर ‘मी प्रयत्नच केला नव्हता’ ही पळवाटही उरत नाही. अंतर्मुख मुलाला इंग्रजीचा संकोच आणि आसपासच्या कानडीचे अपरिचितपण यांची भर पडते. गावी त्याला शांत म्हणत; येथे गटचर्चेच्या सरावात त्याला संवादकौशल्य कमी असा शेरा मिळतो. गुण तोच राहिला, शब्द बदलला. संध्याकाळी घरून दूरध्वनी येतो आणि विचारले जाते, ‘कितवा आलास?’ विचारणाऱ्यांचा हेतू प्रेमाचाच असतो, यात संशय नाही.

येथे कोणी म्हणेल की, अंतर्मुखांना हे जगच अनुकूल नाही, तेव्हा स्वभाव बदलणे हाच उपाय. याला या वसाहतीचाच इतिहास उत्तर देतो. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिला गावातील लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, सुधा कुलकर्णी ही विद्यार्थिनी पदव्युत्तर शिक्षण घेत होती. फलकावर टेल्कोची जाहिरात लागली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी त्यात अट होती. तिने थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. पुण्यास मुलाखतीचे बोलावणे आले आणि तिला नोकरी मिळाली. हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलांच्या वर्गात एकट्या मुलीने शिकावे लागल्यामुळे, फलकावरील मजकूर हा आपल्या कुवतीचा निवाडा नव्हे, ही समजूत तिच्या अंगवळणी पडलेली होती. पुण्यातच तिची नारायण मूर्तींशी ओळख झाली. मूर्ती हे लाजरे व अंतर्मुख, आणि आपण अगदी उलट, असे सुधाताईंनीच सांगितले आहे. १९८१ मध्ये इन्फोसिस सुरू झाली ती सुधाताईंनी साठविलेल्या दहा हजार रुपयांच्या आधारावर. बोलकी पत्नी आणि अबोल पती, दोघांचे स्वभाव परस्परविरुद्ध. स्वतःच्या कामाविषयीचा भरवसा मात्र दोघांचाही पक्का.

अर्थात, यशस्वी माणसांच्या कथांत एक खोट असते. त्या सांगण्यासाठी कोणीतरी उरलेला असतो. ज्यांचा भरवसा पहिल्या वर्षीच मोडला, ज्यांनी खोलीचे दार लावून घेतले, त्यांची कथा वार्षिक स्मरणिकेत येत नाही. अशाच एका विद्यार्थ्याच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक नियम घालून दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांचे वेगवेगळे गट पाडू नयेत, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये, असे त्यांत सांगितले आहे. मार्श यांच्या तळ्याचा विचार न्यायालयाच्या निर्णयात वेगळ्या भाषेत उतरला, असे म्हणता येईल. परिपत्रक काढून पद भरता येते. विद्यार्थी आपण होऊन ज्याच्या खोलीत शिरेल असा माणूस त्या पदावर मिळणे, हे परिपत्रकाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

बंगळुरास या कामाची परंपरा आहे. १९५४ मध्ये येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिचे रूपांतर निम्हान्स या संस्थेत झाले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही मानसिक साहाय्याची दूरध्वनी सेवा सुरू केली, तेव्हा तिचे मध्यवर्ती केंद्र निम्हान्सकडे देण्यात आले आणि तिची तांत्रिक बाजू इलेक्ट्रॉनिक सिटीतील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने सांभाळली. ज्या आवारात गावोगावचे पहिले मुलगे येऊन एकमेकांशी स्वतःला ताडून पाहतात, त्याच आवाराकडे ही व्यवस्था उभारण्याचे काम आले. सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो फिरविल्यावर बोलण्याची भाषा निवडता येते. त्या भाषांत कानडी आहे आणि मराठीही आहे.